पॉइंटची फेरी

पहिले दोन दिवस आग म्हणजे धंदाच होता, खोटं कशाला बोलायचं. समोरच्या डोंगरावर धुराची रेघ दिसायला लागली आणि हॉटेलांतली माणसं दुर्बिणी, कॅमेरे गळ्यात अडकवून घोड्यांच्या स्टँडवर हजर. पॉइंटवरून आग छान दिसते म्हणे. दरी मध्ये, आग पलीकडे, मग काळजी कसली? घोडेवाल्यांना पाणी प्यायला सवड मिळाली नाही. थोरलीचा नवरा संध्याकाळी घरी आला तो घसा बसवूनच. दिवसभर त्याने तोच डोंगर, तोच धूर प्रत्येक गिऱ्हाइकाला नव्याने दाखवला होता.

थोरली म्हणजे त्या घरची थोरली सून. धाकटी कोणी नव्हतीच. धाकटा दीर लग्नाआधीच खाली शहरात ड्रायव्हर म्हणून गेला तो गेलाच. पण ही लग्न होऊन आली त्या दिवशी सासऱ्याने हौसेने 'ही आमची थोरली' म्हणून चारचौघांत ओळख करून दिली, आणि धाकटी यायची राहिली तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. घरात माणसं तीन आणि जनावरं दोन. सासऱ्याचे गुडघे गेले होते, पण जीभ शाबूत होती. स्टँडच्या दगडी कट्ट्यावर बसून तो गिऱ्हाईक जमवायचा. रस्त्याने सरळ चाललेल्या माणसाला बोलता बोलता खोगिरावर कधी बसवलं ते त्या माणसालाही कळायचं नाही. फेऱ्या मारायच्या नवऱ्याने. एक तांबडी घोडी, एक पांढरा घोडा. गिऱ्हाइकांसाठी त्यांची नावं भारी भारी असायची आणि दर हंगामाला बदलायची, कारण म्हाताऱ्याच्या मते लोकांना जुना घोडा चालतो, जुनं नाव चालत नाही. घरात मात्र तांबडी आणि पांढऱ्या, एवढंच.

फेरीही ठरलेली. स्टँडवरून वर पॉइंट, पॉइंटवरून परत स्टँड. पुठ्ठ्यावर, शेपटीच्या वर, दोन थापा पडल्या आणि 'चल' म्हटलं की दोघं निघालीच. लगाम हातात धरा नाहीतर धरू नका. चढाला दमाने, वळणाला आतल्या कडेने, अशी त्यांची पावलं वर्षानुवर्षं एकाच मापात पडायची. पॉइंटच्या कठड्याशी पोचलं की तांबडी आपली आपण वळायची आणि परतीला लागायची. पांढऱ्याचं काम थोडं जास्तीचं. तो फोटोचा घोडा. कठड्याच्या टोकाला सिमेंटचा एक ओटा होता, त्यावर चढून तो दरीकडे तोंड करून उभा राहायचा. मानेवर थाप पडेपर्यंत शेपूट हलवायचा नाही. अंगावर माशा बसोत, पोरं कान ओढोत, बाई दहा वेळा पदर सारखा करून अकराव्यांदा फोटो काढो, पांढऱ्या ढिम्म. हे त्याला थोरलीच्या नवऱ्याने शिकवलं होतं, दोन पावसाळे मान मोडून. डोंगरावर असा दुसरा घोडा नव्हता, आणि हे तो माणूस अधूनमधून ऐकवायचाही.

थोरलीकडे होती शेण, चारा, पाणी, खरारा ही कामं. आणि संध्याकाळी घोडी घरी आणायची. ते सोपं होतं. चंदीची, म्हणजे भिजवलेल्या दाण्याची बादली घेऊन स्टँडवर जायचं, ती खुळखुळवायची आणि पुढे चालायला लागायचं. दोघं मागून येत. घोडी हाकण्याची वेळ तिच्यावर कधी आली नाही. ती पुढे असायची आणि ती दोघं तिच्या मागे.

तिसऱ्या दिवशी वारा फिरला. दुपारी बाजारात असताना थोरलीच्या हातावर काहीतरी मऊ पडलं. बघते तर जळलेलं पान, पानाचा आकार तसाच. आग दरीत उतरली होती आणि या बाजूच्या वाळल्या गवताला धरून वर यायला लागली होती. कुणी तोंडात मारावी तसं अख्खं गाव एकदम गप्प झालं, आणि मग सगळे एकाच वेळी बोलायला लागले. मोठ्या हॉटेलच्या मॅनेजरने घोडेवाल्यांना हाका मारल्या, पाहुण्यांचं सामान गाड्यांपर्यंत पोचवायला माणसं हवी होती. थोरलीचा नवरा दोन्ही खांद्यांवर दुसऱ्यांच्या बॅगा घेऊन धावत होता. तिला बघून धावता धावताच म्हणाला, "बाबांना मी गाडीत बसवलंय. तू घोडी बघ." एवढं सांगून तो बाजाराच्या पायऱ्यांवरून खाली दिसेनासा झाला.

ती स्टँडवर पोचली तेव्हा बाकीच्यांची जनावरं गेलेली होती. ज्याने त्याने आपली आपण नेली होती. तांबडी आणि पांढऱ्या दोघंच लोखंडी दांडीला बांधलेली. धुराने डोळे उघडवत नव्हते. वर पॉइंटच्या बाजूला काहीतरी कडाड कडाड वाजत होतं. तिने दोघांच्या दोऱ्या सोडल्या आणि ओढायला लागली, पण घोडी बिचकली होती, पाय रोवून उभी. तेवढ्यात पोलिसांचा ट्रक आला. माणसं दाटीवाटीने उभी होती त्यात. एका पोलिसाने उतरून तिचा दंड धरला.

"बाई, सोडा जनावरं आणि चला. जनावराला आपसूक कळतं कुठं पळायचं ते."

तिला ते पटलं. का पटू नये? तिने दोघांच्या तोंडावरची मोरखी काढली, कुठे फांदीला अडकायला नको म्हणून. एवढं सुचलं. आणि मग तिने रोज नवऱ्याला करताना बघितलं होतं तेच केलं. पुठ्ठ्यावर दोन थापा मारल्या, आधी पांढऱ्याच्या, मग तांबडीच्या. आणि म्हणाली, "चल."

दोघं निघाली. पळाली नाहीत. बिचकलेली घोडी तो शब्द ऐकून शांत झाली. रोजच्या चालीने, एकामागे एक, वरच्या वाटेला लागली. पांढऱ्या पुढे, तांबडी मागे. थोरली ट्रकमध्ये ओढली जात असताना ओरडली, नावं घेऊन ओरडली, पण हाकेला वळायची सवय त्यांना नव्हतीच. बादलीच्या आवाजाने ती मागे आली असती. बादली घरी होती. वळणावर पांढऱ्या नेहमीसारखा आतल्या कडेने गेला. मग धूर मध्ये आला.

खालच्या गावातल्या शाळेत सगळ्यांना ठेवलं होतं. वर्गात सतरंज्या, फळ्यावर कुणीतरी काढलेली बेरीज तशीच. नवरा काळवंडलेल्या तोंडाने आला तेव्हा संध्याकाळ झाली होती. त्याने आधी बापाकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"घोडी?"

"सोडली."

"बरं केलंस." तो भिंतीला टेकून खाली बसला. त्याचा जीव भांड्यात पडला होता, चेहऱ्यावरून कळत होतं. "मोकळं जनावर चाऱ्याकडे जातं. आपल्या घराकडेच गेली असतील, नाहीतर खाली रानात. सापडतील."

ती हो म्हणाली. कुठल्या वाटेने गेली, ते त्याने विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. सांगायचं होतं. तोंड उघडलंसुद्धा. पण शेजारच्या बाईने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि उघडलेलं तोंड पाणी प्यायला कामाला आलं.

वर जायची परवानगी मिळाली तेव्हा खालचा बाजार होता तसा होता. वरचा अर्धा जळला होता. त्यांचं घर राहिलं होतं, एक भिंत तेवढी काळी. चाऱ्याची शेड नव्हती. आणि दारात तांबडी उभी होती. आयाळ जळून खुंट झालेली, पापण्यांचे केस गेलेले, चारी पाय आळीपाळीने उचलत होती. तापल्या जमिनीवरून आली होती ती. पायांतल्या लोखंडी नाला तापून खूर तडकले होते. म्हातारा गुडघ्यांचं दुखणं विसरून जवळ गेला, तिच्या गळ्यात पडला आणि लहान पोरासारखा रडला. थोरलीला रडू आलं नाही. तिने आत जाऊन बादली आणली, पाणी आणलं. पाणी थोडं थोडं दे, नवरा म्हणाला. तिने थोडं थोडं दिलं.

"ही आली म्हणजे तोही येईल," म्हातारा म्हणत होता. "तिच्यापेक्षा तोच शहाणा आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी वनखात्याचा गार्ड आला. दारातच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी आला नाही. त्याने नवऱ्याला एकट्याला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. नवरा फावडं घेऊन त्याच्याबरोबर वर गेला. आला तेव्हा ऊन कलायला आलं होतं. त्याने न्हाणीत जाऊन हात धुतले, पुष्कळ वेळ धुतले. थोरलीने ताट वाढलं. तो ताटाकडे बघत बसला.

"कुठं होता?" म्हाताऱ्याने विचारलं.

"ओट्यावर."

"कुठल्या ओट्यावर?"

"फोटोच्या."

म्हाताऱ्याला कळेना. आग वर, घर खाली, चारा खाली. मोकळा घोडा आगीत कशाला जाईल? तेच तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला. नवऱ्याने मान वर केली आणि थोरलीकडे बघितलं. एकदाच बघितलं. त्या बघण्यात तिला सगळं कळलं. घोडी कशी गेली हे त्याला ठाऊक होतं. थापा कुणाच्या, शब्द कुणाचा, हे त्या डोंगरावर त्याच्याइतकं कुणाला कळणार? तांबडी कठड्यापाशी वळली आणि परत आली. पांढऱ्या ओट्यावर चढून उभा राहिला, मानेवर थाप पडायची वाट बघत.

"घाबरला असेल," नवरा म्हणाला. आणि जेवायला लागला.

तिने ठरवलं, आज संध्याकाळी तो बोलेल. नाहीतर उद्या. शिव्या घालेल, हात उगारेल, निदान 'अक्कल गहाण टाकली होतीस का' एवढं तरी म्हणेल. तो काहीच म्हणाला नाही. त्यानंतर त्या घरात पांढऱ्या हा शब्दच निघाला नाही.

पुढचे दिवस कसे गेले म्हणाल, तर काजळी पुसण्यात गेले. मोठ्या हॉटेलने बायका कामाला लावल्या. मालकाला हंगामाची शेपटी तरी हाती लागावी असं वाटत होतं. थोरली सकाळी जायची, खिडक्या पुसायची. एक हात फिरवला की फडकं काळं, धुतलं की बादली काळी. वरच्या मजल्यावरच्या खोल्यांतून जळलेला उतार दिसायचा, म्हणून मॅनेजरने त्या बाजूचे पडदे ओढून ठेवायला सांगितले होते. पडद्यांनाही धुराचा वास. चादरी तीन तीनदा धुतल्या तरी वास जाईना, मग मॅनेजर म्हणाला अत्तर टाका पाण्यात. आता धुराबरोबर अत्तराचाही वास यायला लागला. बायका हसल्या त्या दिवशी. थोरलीही हसली. हसल्यावर तिच्या लक्षात आलं की आपल्याला हसायला येतं, रडायला येत नाही, आणि दोन्हीत फारसा फरकही वाटत नाही. आतून सगळं बधिर झालं होतं. हात फडक्याबरोबर फिरायचा, तो तिचाच आहे हे तिला बघून कळायचं.

नवरा जळकी झाडं तोडायच्या रोजंदारीवर होता. घोडेवाल्याच्या हाताला कुऱ्हाडीची सवय नाही. तळहातांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. मुकादम पोरगेलासा होता, तो सगळ्यांदेखत म्हणाला, "काका, घोड्यासारखं झाडाला गोंजारू नका, मारा." लोक हसले. नवरा घरी येऊन हे स्वतःच सांगायचा, विनोद म्हणून. सांगताना मात्र खाली बघायचा.

संध्याकाळ तांबडीची. नालबंदाने येऊन नाला काढून टाकल्या होत्या, खूर कापून तासून दिले होते. नवे खूर वरून वाढत येतील तेव्हा येतील, तोवर माणूस बसवायचा नाही, असं बजावून गेला होता. थोरली कोमट पाण्यात मीठ टाकून एकेक पाय धुवायची, औषध लावायची, हॉटेलच्या टाकाऊ चादरीच्या पट्ट्या बांधायची. नवरा पाय धरून बसायचा. दोघांची डोकी जवळजवळ यायची. तो म्हणायचा, घट्ट नको. ती पट्टी सैल करायची. तो म्हणायचा, आता पुढचा. एवढंच बोलणं. आणि रोज तिला वाटायचं, की आता, आता विचारेल. न विचारता तो पाय खाली ठेवायचा आणि उठायचा.

गावातली अर्धी घरं तोवर बंद झाली होती. शेजारचा आइस्क्रीमवाला बायकापोरांना घेऊन खाली गेला. धाकट्या दिराचा शहरातून निरोप आला, तुम्हीही या, गोदामात माणसं हवी आहेत. म्हातारा म्हणाला, "गोदामात मी काय पोती जमवू गप्पा मारून?" पण रात्रीच्या जेवणानंतर तोच हळूच मुलाला विचारायचा, घोडी कधी उभी राहील? कारण सगळा प्रश्न तिथेच होता. तांबडी फेरीला उभी राहिली तर डोंगरावर राहायचं. नाहीतर दाराला कुलूप, आणि घोडी मिळेल त्याला द्यायची. पाय तडकलेली घोडी कोण कशासाठी घेतो ते सगळ्यांना ठाऊक होतं.

पाऊस झाला, उघडला. काळ्या उतारावर हिरवी लव आली आणि माणसंही आली. आधी तुरळक, मग बऱ्यापैकी. पण त्यांना हिरवं बघायचं नव्हतं, जळलेलं बघायचं होतं. आग कुठपर्यंत आली होती, कुठलं हॉटेल गेलं, माणूस मेला का. म्हाताऱ्याची जीभ सुटली. कट्ट्यावर बसून तो सांगायला लागला, आणि सांगता सांगता त्याला पांढऱ्या सापडला. पॉइंटवर माणसं अडकली असतील म्हणून मुकं जनावर वर धावलं हो! मालकाने सोडलं तरी घराकडे गेलं नाही, शेवटपर्यंत ओट्यावर उभं राहून वाट बघितली. म्हातारा डोळे पुसायचा, आणि ते डोळे खरोखरच ओले असायचे. त्याने ही गोष्ट बनवली होती आणि त्याचा तिच्यावर विश्वासही बसला होता. मुलाने ऐकलं आणि उठून तांबडीला पाणी दाखवायला गेला. थोरली हॉटेलातून येताना कट्ट्यामागून जायची. एकदा गोष्ट संपल्यावर एका बाईने तिला थांबवून विचारलं, तुम्ही बघितलात का हो तो घोडा? ती हो म्हणाली. बाई म्हणाली, भाग्यवान आहात.

लोकांना तो ओटा बघायचा होता, आणि नुसता ओटा बघून कुणाचं समाधान होईना. तिथे घोड्यावर बसून फोटो हवा होता. दुसऱ्या घोडेवाल्यांची जनावरं ओट्यावर थांबत नव्हती. तेव्हा नवऱ्याने तांबडीला नव्या नाला ठोकून आणल्या. नालबंदाने खूर दाबून बघितले आणि हलकी माणसं बसवायला हरकत नाही म्हणाला.

पहिल्या दिवशी स्टँडवर सगळे बघायला जमले. आगीतून गेलेली घोडी त्या वाटेला पाय टाकेल का? पैजा लावायच्या बेतात होते काही जण. नवऱ्याने दोन थापा मारल्या. "चल." तांबडीने कान हलवले आणि निघाली. जळक्या खोडांमधून, त्याच चालीने, वळणाला आतल्या कडेने. शाबास, शाबास, असा एकच गलका झाला. थोरली हातातला पाण्याचा डबा तसाच खाली ठेवून घरी गेली. घोडी अडली असती, उधळली असती, तर तिला बरं वाटलं असतं.

मग नवरा तिला थांबायला शिकवायला लागला. रोज सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी वर न्यायचा. तांबडी जन्मभर कठड्याशी वळत आलेली, ती ओट्यावर चढायची आणि लगेच वळायची. हा पुन्हा चढवायचा. तिच्या पायांपुढे पाय रोवून उभा राहायचा, मान धरायचा, गूळ द्यायचा. घरी येऊन सांगायचा, आज इतका वेळ राहिली. आगीनंतर पहिल्यांदा त्याच्या बोलण्यात जरा जीव आला होता. म्हातारा म्हणायचा, पोटं भरतील आपली. थोरली ऐकायची.

एका सकाळी तो म्हणाला, "आज तूही चल वर. गिऱ्हाईक म्हणून बाजूला कुणीतरी उभं राहायला हवं. माणूस जवळ आलं की हलते."

ती गेली. आग लागल्यापासून ती पॉइंटवर गेली नव्हती. कठड्याचा रंग उडाला होता, ओट्याचं सिमेंट एका बाजूला काळं होतं. बाकी दरी होती तशीच होती, खाली ढग. कठड्याजवळच्या बाकावर एक जोडपं आधीच येऊन बसलं होतं, पायी चालत आलं होतं. त्यांनी सांगितलं, आम्ही घोड्याची वाट बघतोय, फोटो काढू आणि परतीला घोड्यावरून जाऊ. नवरा खूश झाला. पाचच मिनिटं थांबा म्हणाला.

तांबडी ओट्यावर चढली. नवऱ्याने तिचं तोंड दरीकडे केलं आणि मागे सरला. थोरली बाजूला उभी राहिली, त्याने सांगितलं तशी, एक हात खोगिरावर. घोडी उभी राहिली. वारा आला, जळक्या आयाळीचे नवे खुंट हलले. ती हलली नाही. कठड्यावर एक पक्षी येऊन बसला, उडाला. ती हलली नाही. शेपूटसुद्धा हलत नव्हतं. पोट तेवढं श्वासाबरोबर वरखाली होत होतं. थोरलीच्या हाताखाली ते लागत होतं.

"शिकली," नवरा हळू आवाजात म्हणाला. "बघ, शिकली."

तो आणखी दोन पावलं मागे गेला. तरी ती उभी.

थोरलीने घोडीच्या मानेवर थाप मारली. घोडी वळली आणि ओट्यावरून उतरली.

"अगं, का?" नवरा पुढे आला. "इतकी छान उभी होती."

"तिला थांबायला शिकवू नका," थोरली म्हणाली.

त्याने बाकाकडे बघितलं. बाकावरचं जोडपं बघत होतं. मग तो खालच्या आवाजात म्हणाला, फोटोशिवाय गिऱ्हाईक येत नाही, माहीत आहे ना तुला. ती म्हणाली, माहीत आहे. मग? मग काही नाही, थांबायला शिकवू नका. त्याने लगाम हातात घेतला, सोडला, पुन्हा घेतला. त्याचे फोड आलेले तळहात आता बरे झाले होते, कातडी जाड झाली होती. आणि मग इतक्या दिवसांनी त्याने विचारलं. रागाने नाही. एखाद्याला वाट विचारावी तसं विचारलं.

"चल का म्हणालीस तू?"

ती या प्रश्नाची किती दिवस वाट बघत होती! काय उत्तर द्यायचं तेही तिने ठरवून ठेवलं होतं, चुकलं माझं म्हणायचं, पाया पडायचं. पण तोंडातून आलं ते भलतंच.

"मग काय म्हणायचं असतं?"

"म्हणजे?"

"घरी जा, पळा, खाली जा, असं घोड्याला सांगायचं असेल तर काय म्हणतात? तुम्ही मला कधी सांगितलंच नाही. मला एवढा एकच शब्द माहीत होता."

त्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं. तो आठवत होता, हे तिला दिसत होतं. तो आठवत गेला आणि त्याचा चेहरा उतरत गेला.

"तसं काही म्हणतच नाहीत," तो म्हणाला. "असा शब्दच नाही. मला बाबांनी नाही शिकवला. घोड्यांना कुणीच नाही शिकवला. वर जायचं आणि थांबायचं, एवढंच..."

आणि तेव्हा थोरलीला राग आला. इतके दिवस ती त्याच्या रागाची वाट बघत होती, आणि आला तो तिचा. पायाच्या तळव्यापासून आला. कान गरम झाले. बरं वाटलं तिला, कुठलं तरी अंग आपलं आहे असं वाटलं.

"मग आता शिकवा," ती म्हणाली. "फोटोचं राहू द्या."

तिने लगाम त्याच्या हातातून घेतला आणि घोडी घेऊन खाली निघाली. जोडपं बाकावरून उठलं, अहो, आमचा फोटो, म्हणत मागून आलं. नवरा सगळ्यांच्या मागे, मान खाली घालून. स्टँडवर आल्यावर तिने तांबडीचं तोंड घराच्या रस्त्याकडे केलं. कट्ट्यावर म्हातारा बसला होता, जोडप्याला बघून त्याने घसा खाकरला आणि गोष्टीला सुरुवात केली. मग मुलाचा चेहरा बघून मध्येच थांबला.

"काय म्हणू?" तिने नवऱ्याला विचारलं.

त्याने विचार केला. "घरी म्हण. सोपं आहे."

त्याने पुठ्ठ्यावर थापा मारल्या. "घरी," ती म्हणाली.

तांबडीने कान हलवले. जागच्या जागी गोल फिरली आणि वरच्या वाटेला लागली. रोजच्याच चालीने. नवरा धावत गेला, लगाम धरून तिला परत आणली, तोंड पुन्हा घराकडे केलं. थापा. घरी. घोडी फिरली आणि वर निघाली. तो पुन्हा धावला. आता थोरली पुढे जाऊन घराच्या रस्त्यावर उभी राहिली, रिकाम्या हातांनी, आणि तिथून म्हणाली, घरी. घोडीने तिच्याकडे बघितलं. मग वर निघाली. नवऱ्याने तिला आणली. त्याला धाप लागली होती. पुन्हा.

जोडपं थोडा वेळ उभं राहिलं. बाईने घड्याळात बघितलं. मग ती दोघं बाजाराच्या दिशेने उतरायला लागली. म्हाताऱ्याने त्यांना हाक मारली नाही. तो कट्ट्याचा आधार घेत उठला, गुडघे धरत धरत वरच्या वाटेच्या तोंडाशी गेला आणि घोडीची वाट अडवून उभा राहिला.